गाळलेली पानं

देवांशी बाईंचं काही भांडण नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की देवांनी देवांच्या जागी राहावं, कादंबरीत येऊन तलवारी फिरवू नयेत. तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलेली ही बाई. तिच्या जगात दोन आणि दोन चारच व्हायचे आणि मेलेला माणूस मेलेलाच राहायचा. वाचायची ती चरित्रं, गाजलेल्या खटल्यांच्या हकिकती, फार तर एखादी रहस्यकथा, तीही शेवटी खुनी नीट सापडणारी. आणि अशा बाईंच्या नशिबी सातशे चार पानांची एक कादंबरी आली. आकाश फुटतं, पुराणातले समस्त देव धपाधप जमिनीवर पडतात आणि पहिल्या पन्नास पानांत एकमेकांची टाळकी फोडतात, अशी ती कादंबरी.

ती घरात आली होती नवऱ्यामुळे. नवरा बुकबाइंडर. चाळीस वर्षं एका छापखान्याच्या तळमजल्यावर त्यांनी हजारो पुस्तकं बांधली आणि त्यातलं एकही वाचलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, मी वाचत बसलो तर बांधायला काय लेखक येणार आहे का. पुस्तक हातात घेतलं की ते नाव बघत नसत, आधी अंगठ्याने पाठ दाबून बघत. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानांची एक जुडी होते, तिला ते लोक फॉर्म म्हणतात. किती फॉर्मचं पुस्तक आहे, हे बाइंडर नुसत्या अंगठ्याने सांगत, आणि चुकत नसत.

मग त्यांची किडनी गेली. एक गेली म्हणेपर्यंत दुसरीही गेली. गेली सहा वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठ ते बारा ते हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर मशीनला जोडलेले असत. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना पाच-पाच पलंग, प्रत्येकाच्या उशाशी माणसाएवढं उंच मशीन. अंगातलं सगळं रक्त नळीतून बाहेर जायचं, धुऊन परत यायचं. बाई शेजारी स्टुलावर. पावणेसहा वर्षं त्यांनी तिथे बसून वर्तमानपत्रातली आकड्यांची कोडी सोडवली. मग एके दिवशी बाइंडर म्हणाले, मला काहीतरी वाचून दाखव. आणि घरी आल्यावर कपाटातून स्वतःच ते धूड काढून दिलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांनी बांधलेलं. चव्वेचाळीस फॉर्म. बाईंनी तोंड वाकडं करून विचारलं, हेच का? तर म्हणाले, घरातलं सगळ्यात जाड आहे म्हणून.

तर बाई वाचायला लागल्या. गोष्ट होती मिठागरात काम करणाऱ्या एका पोरीची. आकाश फुटतं त्या दिवशी त्याचा एक तुकडा तिच्या धाकट्या भावाच्या छातीत घुसतो. तो मरतही नाही, उठतही नाही. पोर त्याला आत्याकडे ठेवते आणि त्याला बरा करू शकेल अशा एकाच देवाच्या शोधात निघते. तो वैद्यदेव. लंगडा, म्हातारा, चिडका, कमरेला मुळ्यांचा बटवा. तो तिला लवकरच भेटतो, पण सरळ भावाकडे येईल तर सातशे पानं कशी व्हायची? वाटेत जो मरेल त्याला हा उठवत सुटतो. सेनापती मेला, उठवला. नावाडी बुडाला, उठवला. राजाची घोडी मेली, तीही उठवली.

बाईंना ते अजिबात सहन होईना. पुन्हा उठायचंच असेल तर मरायचं तरी कशाला, असं त्या रिक्षात बसल्या बसल्या नवऱ्याला विचारत. बाइंडर नुसते हसत. शेजारच्या पलंगावर शिंपीकाका असत. दुकान बंद करून आठ वर्षं झाली होती, पण गळ्यात अजून टेप आहे अशा थाटात मान वाकडी ठेवून बोलत. त्यांना कादंबरी बेहद्द आवडली होती. त्यांची तक्रार एकच, की वायुदेव एवढा घट्ट रेशमी अंगरखा घालून धनुष्य ताणतो तर तो काखेत उसवत कसा नाही. लेखकाने कधी सुई हातात धरलेली नाही, असं ते सिस्टरना सांगत.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. बाई लबाडी करत होत्या. कुठल्या देवाची आई कोण आणि मावशी कोण, सातव्या स्वर्गाला खांब किती आणि ते कशाचे, असली पानं आली की त्या सरळ गाळत. दोन पानं, चार पानं, एकदा तर सलग अकरा. आवाज न बदलता "मग सकाळ झाली" म्हणायचं आणि पुढे जायचं. वर्गात पोरांचं लक्ष उडालं की धड्यातला रटाळ भाग अशाच उडवायच्या त्या, हात बसलेला होता. कुणाला काही कळलं नाही, असं त्यांना वाटत होतं.

असे दोन-सव्वादोन महिने गेले. मग एका बुधवारी मशीन चालू असतानाच बाइंडरांचं ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं. पोटऱ्यांना असे गोळे आले की त्यांनी पलंगाची दांडी दोन्ही हातांनी धरली. सिस्टर धावल्या, पाय उंच केले, सलाईन सोडलं. हे आता दर दोन-तीन वेळेला व्हायला लागलं होतं, हृदय दमलं होतं. मशीनसाठी तयार केलेली हातातली शीर दोनदा बंद पडून आता मानेत नळी होती. त्या दिवशी सुटल्यावर व्हीलचेअर लिफ्टपाशी उभी असताना बाइंडर बोलले. अगदी साध्या आवाजात, दुपारी काय जेवायचं असं विचारावं तसं.

"हे पुस्तक संपेपर्यंत येतो," ते म्हणाले. "मग नाही."

बाई म्हणाल्या, मग वाचनालयातून दुसरं आणू, त्यात काय. त्यावर त्यांनी मान हलवली.

"मी पुस्तकाबद्दल बोलत नाहीये. मशीनबद्दल बोलतोय."

डॉक्टरांशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं, बायकोला न सांगता. हृदयामुळे दुसरी किडनी बसवणं शक्य नव्हतं. मशीन थांबवलं तर आठ-दहा दिवस, त्रास होणार नाही एवढं आम्ही बघू, निर्णय तुमचा, असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंनी डॉक्टरांना गाठून झाडलं. असल्या गोष्टी बायकोला विचारल्याशिवाय बोलताच कशा, म्हणाल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि निर्णय त्यांचाच आहे एवढंच पुन्हा सांगितलं. बाईंनी नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला. परगावच्या लेकीला फोन केला, ती आली, बापाच्या पायाशी बसून रडली, चिडली, पुन्हा रडली. बाइंडरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, ये हवी तेव्हा, पण भांडायला येऊ नकोस. सहा वर्षांत या माणसाने कशाचा हट्ट धरला नव्हता. इंजेक्शन म्हटलं की हात पुढे, पथ्य म्हटलं की ताट बाजूला. आता धरला तर असला.

लेक परत गेली त्या दुपारी बाई पुस्तक घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. खूण चारशे ऐंशीव्या पानावर होती. एका वेळेला साधारण सोळा पानं वाचून व्हायची, म्हणजे एक फॉर्म. उरले फॉर्म चौदा. आठवड्याला तीन. पाच आठवडे सुद्धा पुरे होत नव्हते. तिसरीतल्या पोरालाही जमेल असलं हे गणित, पण बाईंनी ते तीनदा करून बघितलं.

आणि तेव्हा त्यांना गाळलेली पानं आठवली.

पेन्सिल घेऊन त्या पहिल्या पानापासून बसल्या. इथे चार, इथे दोन, इथे अकरा. बेरीज झाली ब्याऐंशी. पाच फॉर्म आणि वर दोन पानं. म्हणजे पाच सकाळी. जवळजवळ दोन आठवडे, आपल्या हाताने, का तर कंटाळा आला म्हणून. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, एकदा नाही, दोनदा, आणि त्या रिकाम्या घरात स्वतःलाच मूर्ख म्हणाल्या.

मग त्यांनी ती पानं वाचायला घेतली. मावश्या आणि खांब होतेच. पण एकसष्टाव्या पानावर, अशाच एका वंशावळीच्या मधोमध, एक शाप निघाला. वैद्यदेवाने एकदा मृत्यूदेवाच्या हातातला माणूस न विचारता परत नेला होता. तेव्हा मृत्यूदेवाने त्याला बजावलं, तुझ्या बटव्यात बारा मुळ्या आहेत, एका मुळीला एक जीव. बारावी संपली की तुझे हात माणसाचे हात होतील. बाई ताठ झाल्या. म्हणजे या पुस्तकात हिशोब होता. त्या ज्याला फुकटचा चमत्कार म्हणून नाकं मुरडत होत्या त्यातला एकेक मोजलेला होता, आणि मोजायची अट त्यांनीच गाळली होती. पोरांना खालची सूचना नीट वाचा म्हणून आयुष्यभर ओरडलेली बाई ती.

त्यांनी मोजलं. सेनापती, नावाडी, दोघी बहिणी, आंधळा सारथी, असं करत करत चारशे ऐंशीव्या पानापर्यंत अकरा मुळ्या गेल्या होत्या. एक तर घोडीवर. बाईंना त्या लंगड्या देवाचा असा संताप आला की तो समोर असता तर बाकावर उभा केला असता. उरली एक. आणि ती पोर बिचारी अजून समजत होती की बटवा भरलेला आहे.

शेवटचं पान उलटून बघावं असं वाटलं नाही का? वाटलं. हात गेलाही. मागची उत्तरं बघणाऱ्या पोरांना त्यांनी जन्मभर शिक्षा केली होती, म्हणून त्यांनी हात मागे घेतला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण म्हणजे धीर झाला नाही.

पुढच्या शुक्रवारी मशीन सुरू झाल्यावर त्यांनी अगदी सहज आवाज काढून विचारलं, की मागची काही पानं घाईत राहून गेली होती, ती आधी वाचू का. शिंपीकाका म्हणाले, वाचा की, आम्हाला कुठे पळायचंय. बाइंडरांनी बायकोकडे बघितलं.

"पाच फॉर्म," ते म्हणाले. "थोडं वरच. पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला. वाचलेली बाजू दर वेळेला जास्तच जाड होत होती."

बाईंचा चेहरा उतरला. "मग बोलला का नाहीत?"

ते छताकडे बघत म्हणाले, "सुरुवातीला तुझ्यासाठीच जाड पुस्तक घेतलं होतं. तुला सवय व्हायला वेळ मिळावा म्हणून. पण तू गाळायला लागलीस तेव्हा मला बरं वाटलं, गं. म्हटलं, तेवढंच लवकर. तुला खोटं कशाला सांगू?"

बाईंनी पुस्तकात मान घातली आणि वाचायला सुरुवात केली. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे ठरलेलं होतं. त्या तिथे बसून देवांना नावं ठेवत होत्या तेव्हाही हा माणूस पानांची जाडी बघत पडलेला होता. अक्षरं दिसेनाशी झाली तरी त्या थांबल्या नाहीत, कारण थांबलं असतं तर बोलावं लागलं असतं.

एकसष्टावं पान आलं. शाप ऐकून शिंपीकाका बोटं मोजायला लागले, मग म्हणाले, अहो, मग एकच राहिली की. घोडीवर घालवलीन मेल्याने. त्या दिवसापासून बाइंडर डोळे उघडे ठेवून ऐकायला लागले.

आणि बाईंचं काय झालं ते त्यांचं त्यांनाच समजेना. ज्या पुस्तकावर त्या इतके दिवस तोंडसुख घेत होत्या त्यात त्या आता गळ्यापर्यंत बुडाल्या. कुठे लढाई सुरू झाली की त्या मनात म्हणायच्या, कुणी मरणार तर नाही, आणि मेलंच तर हा म्हातारा बटव्यात हात घालणार तर नाही? भाजी निवडताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, बाबा रे, एवढी एक मुळी सांभाळ. आपण हे कुणाला म्हणालो ते लक्षात आल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. शाईतल्या देवाला गाऱ्हाणं घालायची वेळ आली होती. त्यांना हेही कळत होतं की ती मुळी त्या पोरीच्या भावाला मिळाली तरी पलंगावरच्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. कळत असूनही त्या तेच मागत होत्या.

वेळ काढायचे सगळे उपाय त्यांनी केले. प्रकरणाचं नाव दोनदा वाचायचं, ठसका लागला म्हणून थांबायचं, शिंपीकाकांना शंका विचारायला लावायच्या. बाइंडर म्हणायचे, मास्तरीणबाई, शाळा सुटायची वेळ झाली, पुढे चला. एका सोमवारी तर त्या पुस्तक मुद्दाम घरी विसरल्या. असू दे, ते म्हणाले, बुधवारी वाच.

ती सकाळ बाई जन्मात विसरणार नाहीत. वाचायला काही नव्हतं म्हणून त्या चार तास नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसल्या, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते चार तास पाहिले. तासाभराने चेहरा राखाडी पडला. मग कापरं भरलं, पांघरुणावर पांघरूण घातलं तरी दात वाजत राहिले. मग पोटऱ्यांचे गोळे. ते ओरडत नव्हते. घड्याळाकडे बघत, मग डोळे मिटून बराच वेळ थांबत, पुन्हा बघत, आणि काटा जेमतेम पाच मिनिटं सरकलेला असे. बाई कोडी सोडवत होत्या तेव्हा हे असंच चाललेलं होतं, त्या पानांवरून डोळे फिरवत होत्या तेव्हाही. घरी आल्यावर बाईंनी त्यांचे पाय चेपले आणि पुस्तक मुद्दाम ठेवलं होतं हे कबूल केलं. ते म्हणाले, माहीत आहे. पुन्हा तसं करायची बाईंची छाती झाली नाही.

शेवटचे फॉर्म विचित्र होते. मृत्यूदेव स्वतःच आजारी पडला. त्यामुळे राज्यात कुणी मरेचना. आधी लोक आनंदाने नाचले. मग रणांगणावर जखमी महिनोन्‌महिने कण्हत पडले, कुणाच्या आज्यांची हाडं राहिली पण श्वास जाईना, तोडलेली झाडं सुद्धा वाळेनात. शिंपीकाकांनी एकदाही कपड्यांवर टीका केली नाही. शेजारच्या पलंगांवरचे लोकही आपापले फोन बंद करून ऐकायला लागले होते. बाईंना ती पानं वाचताना राहून राहून वाटायचं की लेखकाने हे चांगलं लिहिलंय. वाईट लिहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

चव्वेचाळिसावा फॉर्म शुक्रवारी आला. पोर वैद्यदेवाला घेऊन आत्याच्या दारात पोचते. भाऊ तसाच, छातीत आकाशाचा तुकडा. वैद्यदेव बटव्यात हात घालतो, शेवटची मुळी काढतो. आणि मागे वळून बघतो, तर उंबऱ्याशी मृत्यूदेव येऊन बसलेला, तापाने फणफणलेला, उभं राहायचं बळ नाही. तो काही मागत नाही. पोर वैद्यदेवाचा हात धरते. वैद्यदेव तिला म्हणतो, तुझ्या भावाला उठवलं तर एक उठेल. याला उठवलं तर सगळे सुटतील. आणि ती मुळी तो मृत्यूदेवाच्या जिभेवर ठेवतो.

बाई वाचता वाचता दोन ओळी पुढे बघत होत्या, मास्तरकीची सवय. त्यांना पुढचं दिसलं. "भाऊ उठून बसला" असं म्हणायला तीन शब्द पुरले असते. सबंध खोलीत कुणाला कळलं नसतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण बाइंडर त्यांच्याकडे बघत होते, पुस्तकाकडे नाही, आणि त्या तोंडाकडे बघून त्यांना खोटं वाचता येईना. त्यांनी आहे तसं वाचलं. मृत्यूदेव उठतो, पोरीच्या भावाशेजारी बसतो, त्याच्या छातीतला तुकडा हलकेच काढतो, आणि भाऊ जातो. पोर त्याला मिठागराच्या कडेला पुरते. वैद्यदेव आपल्या माणसाच्या हातांनी माती ओढू लागतो. संपलं.

शिंपीकाकांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

"बरोबर केलं त्याने," बाइंडर म्हणाले.

जवळजवळ पाचशे पानं या पुस्तकाने ज्याला त्याला जीव वाटले, घोडीला सुद्धा, आणि नेमका आज त्याला खरेपणा सुचला होता. आणि ते खरं होतं, हेच तर दुखणं होतं. बाईंना पुस्तकात एक चूक सापडेना. त्यांनी ते मिटलं आणि मांडीवर घट्ट धरलं.

"तुमचं सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण माझं काय? मी काय करू?"

"माहीत नाही," ते म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते. "त्यालाच उत्तर नाही माझ्याकडे."

बारा वाजता सिस्टरनी नळ्या काढल्या. निघताना शिंपीकाकांनी न राहवून विचारलं, सोमवारी काय वाचणार बाई? मग त्यांना आठवलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी बाइंडरांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सोमवारी सकाळी आठ वाजता दोघं घरात होते. ऊन खिडकीतून थेट पलंगावर आलं होतं. सहा वर्षांत सोमवारचं ऊन या खोलीत येतं कधी नि जातं कधी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. लेक दुपारच्या गाडीने यायची होती. बाइंडरांनी पाणी मागितलं. सहा वर्षं दिवसाला अर्धा लिटर, औषधांसकट, मोजून, बाईच मोजत. आज त्यांनी मोठा ग्लास काठोकाठ भरून दिला. ते न थांबता प्यायले, ग्लास पुढे केला, आणि बाईंनी तो पुन्हा भरला. त्यांना पाणी पिताना बघून बाईंना क्षणभर वाटलं की हा माणूस बरा झाला.

मग ते म्हणाले, काहीतरी वाच. आज पाय दुखत नाहीत, तर नीट ऐकू येईल. देवांचं चालेल, माणसांचंही चालेल.

बाई कपाटाकडे गेल्या. बराच वेळ शोधून त्यांनी एक चरित्र काढलं, त्यांच्या आवडीचं, फार मोठं नसलेलं, आणि त्यांच्या हातात आणून दिलं. बाइंडरांनी नाव बघितलं नाही. अंगठ्याने पाठ दाबली, एकदा, मग पुन्हा एकदा.

"नऊ फॉर्म आहेत," ते म्हणाले. "एवढं नाही व्हायचं. बारीकसं बघ."

बाईंनी ते परत जागेवर ठेवलं आणि खालच्या कप्प्यातली पुस्तकं एकेक करून काढून बघायला लागल्या.